टाऊन हॉलचा ऑर्गन आणि आपली पायपेटी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेतील व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मजसारख्या सामान्य गायकास बोलण्याचा मान दिल्याबद्दल उत्सव-समितीचा मी अत्यंत आभारी आहे. विषय कोणता घ्यावा, असे मी विचारले तेव्हा चिटणिसांनी सांगितले की, तुमची चाळीस वर्षे गायकवृंदात गेली, तेव्हा ऑर्गन या वाद्याचा इतिहास सांगा. विषय वरवर पाहता निरुपद्रवी आहे. परंतु आपणा सर्वांस विदित आहेच की, आपल्या मंदिराच्या माडीवर हिरव्या आच्छादनाखाली एक जुनी पायपेटी गेली कित्येक वर्षे मुकी पडली आहे, आणि तिचे काय करावे याचा निर्णय या महोत्सवानंतर धर्मग्राम-सभेने घ्यावयाचा आहे. ती मोडीत काढून त्या जागी विजेवर चालणारा कीबोर्ड ठेवावा असे कित्येकांचे म्हणणे आहे, आणि ते म्हणणे बिनबुडाचे नाही. यास्तव मी जो इतिहास सांगणार आहे तो केवळ करमणुकीसाठी नाही, हे आरंभीच प्रांजळपणे सांगून टाकतो.

प्रथम ऑर्गन म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे ऑर्गन हा शब्द संगीत नाटकांतील मोठ्या पेटीस लावण्याची चाल पडली आहे. पण मूळचा ऑर्गन हा नळ्यांचा होय. एका मोठ्या भात्यात वारा साठवावयाचा, तो लाकडी पेटाऱ्यात आणावयाचा, आणि पेटाऱ्याच्या माथ्यावर शेकडो नळ्या उभ्या करावयाच्या. वाजविणाऱ्याने पट्टी दाबली म्हणजे त्या त्या नळीच्या तळाची झडप उघडते आणि वारा आत शिरून सूर निघतो. यांतील बहुतेक नळ्या आपल्या बासरीच्या जातीच्या असतात. काहींच्या तळाशी पातळ पितळी पाती असते. त्या आपल्या सनईच्या जातीच्या म्हणावयास हरकत नाही. नळी जितकी लांब तितका सूर खोल. आठ फुटी नळीचा जो सूर, त्याच्या खालच्या सप्तकातील तोच सूर सोळा फुटी नळीचा. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या टाऊन हॉलमध्ये 1890 साली जो ऑर्गन वाजू लागला, त्यात चौसष्ट फुटी नळ्यांचा एक संच आहे. त्यातील सर्वांत खोल नळीची कंपने एका सेकंदास अवघी आठ होतात. असा सूर कानास ऐकू येत नाही. तो बसल्या बाकातून अंगास जाणवतो.

हे वाद्य मूळचे आपल्या धर्माचे आहे असा समज आहे, तो बरोबर नाही. ख्रिस्ताच्या जन्मापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथील क्टेसिबियस नामक यंत्रज्ञाने पाण्याच्या दाबाने वारा सम राखून नळ्या वाजविण्याची युक्ती काढली. पुढे रोमन लोकांच्या खेळांच्या रंगणात हे वाद्य वाजत असे. इसवी सन 757 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाने फ्रँक राजा पेपिन यास एक ऑर्गन नजराणा म्हणून पाठविला, आणि त्यानंतरच्या शतकांत पश्चिमेकडील मठांनी व मंदिरांनी त्यास आश्रय दिला. म्हणजे राजदरबारातून आणि खेळाच्या मैदानातून आलेल्या वाद्यास श्रद्धावंतांनी उपासनेचे वळण लावले. वाद्य कोठून आले यापेक्षा त्याचे पुढे काय केले यास महत्त्व अधिक, हा या इतिहासातील पहिला धडा होय.

आपल्या देशाशीही या वाद्याची ओळख जुनी आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ते गोव्यात आले. अकबर बादशहाने हाजी हबीबुल्ला नामक आपल्या माणसास गोव्याकडील नवलाईच्या चिजा आणण्यास धाडले होते. 1580 च्या सुमारास बादशहाच्या दरबारी एक ऑर्गन वाजला, आणि बदायुनी या इतिहासकाराने त्याचे वर्णन करून ठेविले आहे. माणसाएवढी मोठी पेटी, वाजविणारा एक फिरंगी आणि भाते चालविणारे दुसरे दोघे, असे ते वर्णन आहे. लोक थक्क झाले खरे, पण ते वाद्य तेथे रुजले नाही. पाहणारे पुष्कळ होते. ते शिकणारा कोणी नव्हता.

आता एकोणिसाव्या शतकाकडे वळू. इंग्लंडातील गिरण्यांची शहरे श्रीमंत झाली, त्यांनी मोठमोठी सभागृहे बांधली, आणि प्रत्येक सभागृहात एक भव्य ऑर्गन असावा अशी ईर्ष्या उत्पन्न झाली. त्या काळी ध्वनिमुद्रिका नव्हत्या. शंभर वादकांचा ताफा ऐकणे सामान्य कामगारास परवडत नसे. परंतु सभागृहाच्या ऑर्गनपुढे एकच मनुष्य बसून त्या ताफ्याचे संगीत थोड्या पैशांत हजारो लोकांस ऐकवू शके. लिव्हरपूल येथील सेंट जॉर्जेस हॉलमध्ये हेन्री विलिस या कारागिराने 1855 साली असा ऑर्गन उभारला, आणि बेस्ट नामक वादकाने जवळजवळ चाळीस वर्षे तो वाजविला. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील प्रचंड ऑर्गनही 1871 साली त्याच विलिसने बांधला.

लिव्हरपूलचे नाव निघताच आपल्या वऱ्हाडी मनास एक गोष्ट आठवली पाहिजे. लिव्हरपूल हे कापसाचे बंदर होते. 1861 पासून 1865 पर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस येईनासा झाला, आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी हिंदुस्थानाकडे तोंड वळविले. त्या वर्षांत आपल्या काळ्या जमिनीतील कपाशीला सोन्याचे मोल आले. 1867 साली लोहमार्ग अकोला व बदनेऱ्यावरून नागपुरास पोहोचला, आणि 1870 साली खामगावच्या कापसाच्या बाजारापर्यंत फाटा गेला. त्या समृद्धीतील किती हिस्सा पेरणाऱ्याच्या पदरी पडला हा प्रश्न निराळा आहे. तो वऱ्हाडात आजही विचारला जातो. परंतु मुंबईच्या पेढ्यांवर जो पैसा खेळू लागला त्यात आपल्या मातीचा वाटा होता, यात संशय नाही.

आता मी दोन ऑर्गनांची कथा सांगतो. एक अमेरिकेतील बॉस्टन शहराचा, दुसरा आपल्या मुंबईचा. दोन्ही त्याच काळातले, दोन्ही भर वैभवात सभागृहात प्रतिष्ठापित झालेले. दोघांचे पुढे काय झाले, तेवढे लक्ष देऊन ऐका.

बॉस्टनच्या म्युझिक हॉलसाठी जर्मनीतील लुडविग्सबुर्ग येथील वाल्कर या प्रख्यात कारागिराकडून ऑर्गन करवून आणला होता. नळ्या पाच हजारांहून अधिक. बाहेरची चौकट काळ्या अक्रोडाच्या लाकडाची, कोरीव कामाने भरलेली. खर्च सुमारे 60,000 डॉलर. यादवी युद्ध ऐन भरात असता 2 नोव्हेंबर 1863 रोजी त्याचे उद्घाटन झाले. अमेरिकेत त्याच्या तोडीचा दुसरा नाही अशी त्याची कीर्ती झाली. परंतु वीस वर्षे लोटली नाहीत तोच शहराची आवड पालटली. 1881 साली तेथे वाद्यवृंद स्थापन झाला, त्यास व्यासपीठावर जागा हवी होती, आणि ऑर्गन अडचणीचा वाटू लागला. 1884 साली तो 5,000 डॉलरांस विकला गेला. नवीन जागा बांधली जाईल या आशेवर त्याचे तुकडे एका छपराखाली रचून ठेविले. ती जागा बांधली गेलीच नाही. विकत घेणारा वारला. तेरा वर्षांनी, 1897 मध्ये, लिलावात तो ऑर्गन अवघ्या 1,500 डॉलरांस गेला. साठ हजारांचे दीड हजार झाले. नळ्या त्याच, लाकूड तेच, कारागिरी तीच. ऐकणाऱ्यांची ओढ तेवढी राहिली नव्हती.

लिलावात तो घेणारे गृहस्थ एडवर्ड सर्ल्स हे होत. त्यांनी मेथ्युएन या आपल्या लहानशा गावी केवळ त्या ऑर्गनसाठी एक सुंदर सभागृह बांधविले. ते 1909 साली पुरे झाले. बॉस्टनसारख्या महानगराने टाकलेले वाद्य एका लहान गावाने घरी आणले! तेथेही त्यास संकटे आलीच. सर्ल्स वारल्यावर सभागृह हातोहात फिरले, आणि पुन्हा मौन पडेल असा प्रसंग आला. तेव्हा 1946 मध्ये गावकऱ्यांनी पुढे होऊन त्याचा विश्वस्त निधी केला आणि पुढच्या वर्षी वाद्याची दुरुस्ती करविली. आजही त्या गावी तो ऑर्गन वाजतो व लोक ऐकावयास येतात.

आता मुंबईची कथा. मुंबईचा टाऊन हॉल 1833 साली पुरा झाला. रुंद पायऱ्या आणि भव्य खांब असलेली ती पांढरी इमारत आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. एशियाटिक सोसायटी तेथेच आहे. 1870 साली इंग्लंडच्या राणीचे पुत्र ड्यूक ऑफ एडिंबरो हे मुंबईस आले. त्या भेटीच्या स्मरणार्थ अल्बर्ट ससून यांनी टाऊन हॉलला एक मोठा ऑर्गन अर्पण केला. ससून हे बगदाद येथे 1818 साली जन्मलेले यहुदी गृहस्थ; त्यांच्या घराण्याने मुंबईस व्यापारात अमाप धन मिळविले आणि त्यातील बरेच लोकोपयोगी कामांत खर्चही केले. मुंबईतील काळ्या घोड्याचा पुतळाही याच ससूनसाहेबांनी दिलेला होय. तो 1879 साली उभारला गेला.

येथे मला एक गोष्ट विचार करण्यासारखी वाटते. काळ्या घोड्याचा पुतळा 1965 साली त्या चौकातून हलविला गेला आणि राणीच्या बागेत नेऊन ठेविला गेला. तरीसुद्धा त्या चौकास मुंबईकर आजतागायत ‘काळा घोडा’ म्हणतात. उलट ससूनसाहेबांनी दिलेला ऑर्गन टाऊन हॉलच्या दिवाणखान्यात आज नाही, आणि तो कोणे काळी तेथे होता हेही शंभरातल्या एकासही ठाऊक नाही. एकाच दात्याची दोन दाने; पैकी एक लोकांच्या तोंडी राहिले, दुसरे विस्मृतीत गेले. घोड्याजवळून मुंबईचा हमाल, कारकून, विद्यार्थी, सारे रोज जात येत असत. ऑर्गन मात्र बंद दिवाणखान्यात, मुख्यतः साहेबांच्या समाजासाठी वाजत असे. ज्या गिरगाव-परळच्या लोकांचे ते शहर, त्यांच्या गाण्याशी त्याचा संबंध जुळला नाही. दात्याचा हेतू थोर होता. पण नुसत्या दानाने वाद्य जगत नाही. ते ज्यांच्यात ठेवायचे ते लोक त्यास आपले म्हणून गाऊ लागले पाहिजेत.

बॉस्टनचा ऑर्गन एवढी विटंबना सोसूनही वाचला, कारण मेथ्युएनच्या गावकऱ्यांस तो हवा होता. टाऊन हॉलचा ऑर्गन राजपुत्राच्या नावाने आला असूनही राहिला नाही. या दोन कथा मनाशी धरून आता आपण वऱ्हाडात येऊ.

नळ्यांचा ऑर्गन मुंबईत कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये आहे. मग आपल्या अमरावती-अकोल्याकडील मंदिरांत नळ्यांऐवजी पेटीच का आली? पैसा हे एक कारण झालेच. पण दुसरे कारण आपल्या उन्हाळ्याचे आहे. वारा तापला म्हणजे त्यातून ध्वनी अधिक वेगाने जातो, आणि नळीचा सूर चढतो. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे बारा अंश उष्णता असते आणि मे महिन्याच्या दुपारी पंचेचाळीस. एवढ्या फरकाने बासरीच्या जातीच्या नळीचा सूर जवळजवळ एक अर्धस्वर वर जातो. नाताळास जे गीत काळी एक मध्ये गाईले, तेच ईस्टरनंतरच्या उन्हात त्याच पट्टीवरून काळी एक सोडून पांढरी दोनच्या आसपास जाणार! शिवाय पितळी पात्यांच्या नळ्या तितक्या चढत नाहीत, म्हणजे एकाच वाद्यातील दोन जातींच्या नळ्या आपसात भांडू लागतात. भात्याचे कातडे तडकते, लाकूड आक्रसते, आणि उरलेसुरले काम वाळवी करते. जेथे सूर लावणारा कारागीर हाकेच्या अंतरावर नाही, तेथे असे वाद्य ठेवणे म्हणजे हत्ती बांधण्यासारखेच होय.

पॅरिस येथील अलेक्झांडर दबें या कारागिराने 1842 साली हार्मोनियमचे पेटंट घेतले आणि हा प्रश्न सुटला. नळी नाहीच, नुसती पितळेची लहान पाती, जिला पेटीवाले रीड म्हणतात, वाऱ्याने थरथरते आणि सूर देते. उन्हाळा असो वा हिवाळा, तिच्या सुरात फारसा फरक पडत नाही. पेटी गाडीत चढविता येते, बैलगाडीतूनही नेता येते. पायाने भाता चालवावयाची ती पायपेटी. अमेरिकेत निघालेल्या पेट्यांत वारा बाहेर ढकलण्याऐवजी आत ओढला जातो, तेणेकरून सूर अधिक मऊ येतो. त्यांसच आपल्याकडे ऑर्गन हे नाव पडले. पुढे कलकत्त्याच्या कारागिरांनी मांडी घालून बसणाऱ्या गवयासाठी हाताने भाता चालविण्याची पेटी केली, आणि ती देशभर पसरली.

या धाकट्या बहिणीचे भाग्य पाहा. टाऊन हॉलचा थोरला ऑर्गन दिवाणखान्यात विस्मृत झाला, पण धाकटी मात्र महाराष्ट्राच्या घराघरात शिरली. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे शाकुंतल रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. त्या रंगभूमीने पेटी व ऑर्गन यांस असे काही आपलेसे केले की, त्यांच्या सुराशिवाय नाट्यपद कल्पनेतही येईना. 1911 च्या मानापमान नाटकास चाली देणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः विख्यात पेटीवादक होते. बालगंधर्वांच्या गाण्याला ऑर्गनची साथ हे तर एका पिढीचे वेडच होते. आपल्या अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचे रणदुंदुभी नाटक बलवंत संगीत मंडळीने 1927 साली रंगभूमीवर आणले, आणि मास्टर दीनानाथांनी ते गाजविले. त्या काळी नाटकमंडळ्या वऱ्हाडात मुक्काम करीत तेव्हा त्यांच्या सामानात ऑर्गनची मोठी पेटी असावयाचीच. कीर्तनकारांनी पेटी घेतली, भजनी मंडळींनी घेतली, आणि आपल्या ख्रिस्ती मंदिरांनीही घेतली.

तिच्यावर आक्षेप आलेच नाहीत असे नाही. पेटीचे बांधीव सूर आपल्या रागांच्या सूक्ष्म श्रुतींस व मींडेस पोचत नाहीत असे विद्वानांचे मत पडले, आणि 1940 साली आकाशवाणीने तिला बंदी केली. ती बंदी 1971 मध्ये शिथिल झाली. आक्षेप शास्त्रदृष्ट्या खोटा नव्हता. पण तीस वर्षे सरकारी केंद्रातून हाकललेली पेटी देशातून गेली नाही, कारण ती वाजविणारे हात गावोगाव होते. ज्याला लोकांचे हात मिळाले ते वाद्य टिकते. टाऊन हॉलच्या ऑर्गनला नेमके तेच मिळाले नाही.

आता आपल्या पवित्र धर्मसभेचे म्हणणे थोडक्यात सांगतो. दहावे पायस या पोप महाराजांनी 22 नोव्हेंबर 1903 रोजी मंदिरसंगीताविषयी आज्ञापत्र काढले. मंदिराचे खरे संगीत म्हणजे मानवी कंठाचे संगीत होय, आणि वाद्याने गाण्यास आधार द्यावा, त्यास झाकू नये, असा त्याचा आशय आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयी जी घटना प्रसिद्ध केली तिच्यात नळ्यांच्या ऑर्गनला मोठ्या मानाचे स्थान दिले, आणि त्याबरोबरच इतर वाद्येही योग्य अधिकाऱ्यांच्या संमतीने व मंदिराच्या पावित्र्यास शोभतील अशी असल्यास स्वीकारण्यास मोकळीक दिली. म्हणजे कीबोर्ड आला तर पाप होईल असे मी म्हणू शकत नाही आणि म्हणतही नाही. आपल्या वऱ्हाडात टाळ, ढोलक व पेटी यांसह मराठी गीते आपण गातो, तेही याच मोकळिकीचे फळ आहे.

आता आपल्या पायपेटीकडे येतो, आणि येथे मला स्वतःविषयी थोडे बोलणे प्राप्त आहे.

वडील मंडळी सांगत की, ती पेटी हिंदुस्थान सोडून जाणाऱ्या एका रेल्वे-अधिकाऱ्याच्या कुटुंबाने मिशनास दिली, आणि आपला धर्मग्राम स्वतंत्र झाला तेव्हा ती आपल्या वाट्यास आली. मला ती वाजविण्यास आमच्या धर्मशिक्षक मास्तरांनी शिकविले. ते दिवसा शाळेत शिकवीत, संध्याकाळी प्रार्थनेस वाड्या-वस्त्यांवर जात, आणि शनिवारी रात्री माडीवर कंदील ठेवून आम्हां मुलांकडून उद्याची गीते घोटून घेत. माझे पाय भात्याच्या पायट्यास पोचत नसत. तेव्हा एक पायटा ते स्वतः दाबीत आणि दुसरा मी. त्यांचा एक पाठ माझ्या मनात अजून घर करून आहे. ते म्हणत, ‘पोरा, मंडळी गाऊ लागली की तू हळू हो. तुझी पेटी ऐकू येईनाशी झाली म्हणजे समज की आज काम नीट झाले.’

पुढे भाता एका बाजूस उसवला. मी तेव्हा मंदिराच्या व्यवस्थेत होतो. दुरुस्तीस खर्च फारसा नव्हता. पण त्या वर्षी रोषणाईचा विषय निघाला. रोषणाई सर्वांस दिसते, भाता कोणास दिसत नाही. मी म्हटले, पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षी कुंपणाचा विषय निघाला. असे करता करता पेटीवर हिरवे कापड चढले. काही वर्षांनी मास्तरांस प्रभूने नेले. त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशी मी त्यांच्याच पेटीवर बसलो, पायटे दाबले, तर वाऱ्याचा नुसता सुस्कारा निघाला. मंडळींनी गीत आपले आपण धरले आणि शेवटास नेले. ज्यांनी मला सूर दिला त्यांस मी सुरावाचून निरोप दिला, आणि याचा दोष दुसऱ्या कोणाकडे नाही. हे मी इतकी वर्षे कोणापाशी बोललो नव्हतो. आज या शुभ दिवशी बोलून टाकले म्हणजे मन हलके होईल.

परंतु त्याच दिवशी मला एक समाधानही लाभले. पेटी मुकी असूनही मंडळी गाईली. मास्तरांनी पेटीपेक्षा माणसांस अधिक शिकविले होते. म्हणून आज माझी विनंती पेटीच्या लाकडासाठी नाही. एका अनुभवी कारागिरास मी ती दाखविली आहे. तिची चौकट चांगल्या लाकडाची असून वाळवी शिरलेली नाही. एक कोपरा गेला आहे, तो आपल्या मेळघाटच्या सागवानाने भरून निघेल. पितळी पात्या बहुतेक शाबूत आहेत. त्यांस साफसफाई हवी. भात्याचे कातडे व झडपांचा नमदा नवा घालावा लागेल. हे काम साध्य आहे.

तथापि नुसती दुरुस्ती करून ती पुन्हा हिरव्या कापडाखाली ठेवावयाची असेल, तर मी तिच्या विरुद्ध मत देईन. वाजविणारा नाही तो ऑर्गन जतन केला असे म्हणता येत नाही. तो टाऊन हॉलच्या मार्गाने गेलाच म्हणून समजावे. यास्तव मी धर्मग्राम-सभेपुढे तीन गोष्टी ठेवतो. पहिली, तरुण मंडळींस कीबोर्ड हवा असेल तर तो आनंदाने घ्यावा. विजेच्या वाद्याशी माझे वैर नाही. दुसरी, पायपेटीची दुरुस्ती करावी आणि तिचा निम्मा खर्च माझ्याकडून घ्यावा. ते माझे जुने देणे आहे. तिसरी आणि मुख्य, आपल्या धर्मग्रामातील निदान दोन मुलामुलींनी शनिवारी संध्याकाळी माडीवर यावे. मला जे येते ते मी त्यांस शिकवीन. एक वर्षभर वाट पाहावी. वर्षाअखेर एकही शिकणारा पुढे आला नाही, तर आपल्या धर्मप्रांतात ज्या मंदिरात गाणारे आहेत पण वाद्य नाही, अशा एखाद्या लहान ठिकाणी ती पेटी आपण आपल्या हातांनी पोहोचती करावी. बॉस्टनने टाकलेला ऑर्गन मेथ्युएनच्या गावकऱ्यांनी जगविला. आपली पेटी दुसऱ्या गावी गायिली तरी ती प्रभूच्याच घरी असेल. मोडीत मात्र ती जाऊ नये.

1955 साली अमरावती धर्मप्रांत निर्माण झाला तेव्हापासून आपल्या पूर्वजांनी या उन्हात, या काळ्या मातीत, थोड्या साधनांवर मंदिरे उभी केली व शाळा चालविल्या. त्यांनी आपणांस मोठमोठे सभागृहांचे ऑर्गन दिले नाहीत. गाणारी मंडळी दिली. पन्नास वर्षांनी या ठिकाणी आपल्या नातवंडांचा शतकमहोत्सव होईल, तेव्हा आपल्यांतील बहुतेक जण येथे नसतील. त्या दिवशी माडीवर कोणते वाद्य असेल हे सांगता येत नाही. परंतु खाली बाकांवर बसलेली मंडळी एका सुरात गात असावी, एवढी तजवीज करणे आजच्या आपल्या हाती आहे.

तेवढी बुद्धी व उत्साह प्रभू आपणां सर्वांस देवो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो. येत्या शनिवारी सायंकाळी पाच वाजता मी माडीवर असेन. ज्यांस यावेसे वाटेल त्यांनी अवश्य यावे. पाय पायट्यास पोचत नसले तरी चालेल.